तेलाच्या मर्जीचा गडी

विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात एका निवृत्त वेल्डरच्या गॅरेजात याचा मुक्काम आहे. कागदोपत्री हा गवत कापायचा ट्रॅक्टर: जॉन डिअर 318, याच राज्यातल्या होरिकॉनच्या कारखान्यातला. हे मॉडेल 1983 ते 1992 या काळात निघालं. बोनेटखाली 18 हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं इंजिन, पोटाखाली गवत कापायची पाती. जोर फक्त मागच्या दोन चाकांत. पुढची दोन वळण्यापुरती.

गवतापुरतं हे ठीक होतं. पण इथला हिवाळा लांब. मालकाने बर्फ उचलायला याच्या तोंडाशी बकेट बसवलं आणि दुखणं उघडं पडलं. बकेट भरलं की सगळा भार पुढे यायचा आणि मागचं अंग हलकं व्हायचं. ज्या चाकांत जोर त्यांच्यावर वजन नाही, ज्यांच्यावर वजन त्यांच्यात जोर नाही. मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, इंजिन जीव तोडून ओरडायचं आणि स्वारी इंचभर हलायची नाही.

पुढच्या चाकांपर्यंत शाफ्ट न्यावा, तर वाटेत पात्यांचं डेक आडवं. त्यात पुढचा आस मधल्या पिनेवर वरखाली डुलणारा, आणि चाकं डावी-उजवी वळणारी. शाफ्टला हे सगळं सांभाळायला सांध्यावर सांधे लागतात. होजला काही लागत नाही, ती वाकते. म्हणून मालकाने मागचा गिअरबॉक्स उतरवला, चारी चाकांना एकेक हायड्रॉलिक मोटर लावली आणि याला पुरतं तेलाच्या हवाली केलं.

तेलावर चालणं या मुलखाला नवं नाही. 1964 मध्ये केस कंपनीने विस्कॉन्सिनमधल्याच विनकॉनीचा एक छोटा ट्रॅक्टर-कारखाना विकत घेतला. तिथल्या बागेच्या ट्रॅक्टरांत इंजिनावर पंप असे आणि मागच्या आसावर तेलाने फिरणारी मोटर. चाकाला बसणारी ठेंगणी मोटर ही शेजारच्या मिनेसोटातल्या लिन चार्लसन यांची देणगी. ती उघडली की आत सात खाचांचं एक कडं दिसतं आणि त्यात सहा टोकांची चांदणी. तेल चांदणीला कडेकडेने ढकलत नेतं. तिच्या सहा प्रदक्षिणा होतात तेव्हा कुठे शाफ्टचा एक फेरा पुरा होतो. अशी ही सावकाश, पण हटणारी नाही. गिअरबॉक्सची गरजच उरत नाही.

पंपही तसाच गुणी. आत एक तिरपी होणारी तबकडी असते, तिच्यावर दट्टे टेकलेले. तबकडी सरळ असेल तर इंजिन कितीही गरजो, तेलाचा थेंब पुढे सरकत नाही. थोडी तिरपी केली की गडी चालू लागतो, उलटी तिरपी केली की मागे येतो. क्लच नाही, गिअर टाकणं नाही.

पण तेलाचा एक अवगुण आहे: ते नेहमी कमी विरोधाच्या वाटेने जातं. चारी मोटरी एकाच नळाला समांतर जोडल्या तर घसरणाऱ्या चाकालाच सगळं तेल मिळतं. घरात जो बसून राहतो त्याच्याच ताटात तूप पडावं, तसला न्याय. मालकाने म्हणून प्रत्येक बाजूची पुढची-मागची मोटर एकामागे एक जोडली. डावीकडच्या पुढच्या चाकातून निघालेलं तेल मागच्या चाकातूनच परततं. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहतं. डावी आणि उजवी बाजू मात्र एकमेकींना समांतर, म्हणजे वळताना बाहेरच्या बाजूला जास्त धावता येतं.

या जोडणीत तेल दोन्ही चाकांना सारखंच मिळतं, आणि चाकं सारखी नाहीत. मागची 23 इंची, पुढची 16 इंची. मागे फेऱ्याला 200 घनसेंटिमीटर तेल पिणारी मोटर असेल तर पुढे साधारण 140 ची हवी. बाजारात सहज मिळतात 125 किंवा 160 च्या. शेवटी नेमकी मोटर शोधत न बसता टायर बदलले. पुढे 18 इंची आले, 160 ची मोटर बसली आणि कागदावरचा फरक दोन टक्क्यांवर उतरला.

याची तब्येत सांभाळणं हे वेगळंच काम. उणे 20 अंशांत तेल घट्ट होतं, तेव्हा आधी नुसतं इंजिन चालू ठेवून त्याला ऊब द्यावी लागते. बराच वेळ राबवलं की उलट तेच तापून पातळ होतं. पंप आणि मोटरींच्या वाटेत निदान चौथाई ताकद उष्णतेत जाते, म्हणून पंख्यासह कूलर आलाच. पुढच्या मोटरींच्या पाठीवर मागच्यांचा दाब असतो. त्यांच्या सीलमधून तेल फुटू नये म्हणून एक बारीक नळी थेट टाकीत सोडली आहे. होज फुटली तर चाकं रोखून धरणारं तेलच जातं, म्हणून मागच्या चाकांना हाताचा ब्रेक वेगळा.

आणि गळती शोधताना होजवर हात फिरवायचा नाही. 200 बारला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 200 किलोचा दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीखाली शिरते. वर दिसतो फक्त टाचणी टोचल्याएवढा ठिपका, आत तेल पसरलेलं असतं, आणि लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. मालक होजच्या कडेने पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतो. पुठ्ठा भिजला की गळती सापडली. तिथला जोडही इंजिन बंद करून, दाब सोडूनच आवळायचा.

एवढा खटाटोप करून याची ताकद वाढली का? उलट घटली. इंजिन तेच, 18 हॉर्सपॉवरचं. चाकांपर्यंत जेमतेम 13 पोचत असतील. पण आधी होत्या तेवढ्या दोन चाकं भिरभिरवण्यात जायच्या, आता आहेत तेवढ्या जमिनीला लागतात. भरलं बकेट घेऊन हा चढावर तोंड करतो आणि कुरकुर न करता वर जातो.

मूळ धंदा मात्र सुटला. अरुंद वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घ्यायचा असतो, आणि जोडणी त्यांना तशी सूट देत नाही. मग टायर घसटतात आणि गवत मुळासकट निघतं. त्यात मोटरी, तेल आणि वेल्डिंगच्या लोखंडाने अंगही जड झालंय. लॉन कापायला मालकाने हाताने ढकलायचा एक साधा मोअर आणलाय, आणि याच्या पोटाखालचं डेक काढून भिंतीला टेकवून ठेवलंय.