अर्ध्या मिलिमीटरचा गारवा

बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला चक्क लोहचुंबकानं जोडला जातो! आपण बटण दाबतो तेव्हा बॉनेटखाली ‘टक’ असा आवाज होतो ना, तो त्या जोडणीचा. इतकी वर्षं गाडी चालवतेय, हा आवाज कानावरून कितीदा गेला असेल. पण तो कुठून येतो हे या मे महिन्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

नागपूरचा मे. आमची जुनी हॅचबॅक सकाळी छान गार व्हायची आणि दुपारी वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की व्हेंटमधून नुसता गरम भपका. गाडी सावलीत थोडी निवली की एसी पुन्हा सुरू! एका गॅरेजमध्ये निदान झालं, कॉम्प्रेसर बसला, नवा टाका. ते ऐकून घरी आले तर समोरचे काका फाटकाशीच उभे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. म्हणाले, “थंडा असला का चालते, गरम झाला का बंद. मंग बसला कसा म्हन्ते तो? खोल बॉनेट.”

मी ओढणी घरात ठेवली, केस घट्ट बांधले (फिरत्या बेल्टजवळ जायचं तर हे आधी), आणि टॉर्च धरून वाकले. इंजिन चालू, एसीचं बटणही चालू. पुली गरगर फिरतेय आणि तिच्या तोंडावरची लोखंडी चकती मात्र जागची हलत नाही! काकांनी तेव्हा सगळं उलगडून सांगितलं. एसी बंद असला तरी बेल्ट पुलीला फिरवतच असतो, आतला दांडा स्वस्थ असतो. पुलीच्या पाठीमागे तांब्याच्या तारेची कॉइल बसवलेली. बटण दाबलं की तिच्यात वीज येते, चुंबक तयार होतं, चकती पुलीला जाऊन चिकटते, टक! त्या क्षणापासून दांडा फिरतो आणि आतले पिस्टन गॅस दाबायला लागतात.

आणि ही सोय सुरुवातीला नव्हतीच! अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिलेली गाडी आणली, तिच्या कॉम्प्रेसरला असा जोडणारा-सोडणारा क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि हातानं बेल्ट काढून ठेवा. हे वाचल्यावर डॅशबोर्डवरच्या त्या एवढ्याशा बटणाबद्दल मला विलक्षण आदर वाटायला लागला.

मग आमची चकती का चिकटत नव्हती? काकांनी मल्टिमीटर लावला. कॉइलपर्यंत वीज व्यवस्थित येत होती, म्हणजे फ्यूज आणि रिले ठीक. इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजला, ४.७ ओहम. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार गाडीत तोच ३.६! तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो, हे शाळेत शिकलेलं माझ्या अंगणात मल्टिमीटरच्या पडद्यावर दिसत होतं. रोध वाढला की प्रवाह कमी, प्रवाह कमी की चुंबकाची ओढ कमी. त्यात चकती आणि पुली यांच्यातली फट वाढलेली. दर वेळी चिकटताना दोन्ही पृष्ठभाग कणाकणानं घासले जातात आणि वर्षानुवर्षांत ही फट रुंदावते. गार असताना चुंबक तेवढ्या अंतरावरूनही चकतीला खेचून घेतं. तापल्यावर त्याच्यानं होत नाही.

किल्ली काढून, गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर घेऊन, पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं. फीलर गेजची पाती एकेक करून फटीत घातली. ०.९ मिलिमीटर! बहुतेक गाड्यांत ती ०.३ ते ०.६ च्या दरम्यान असायला हवी. मधला बोल्ट सोडवल्यावर चकती बाहेर आली आणि तिच्यामागे दांड्यावर कागदासारख्या पातळ चकत्या दिसल्या, शिम. त्यातली एक काढली, चकती परत बसवली, बोल्ट कसला, पुन्हा मोजलं. ०.५. बस, एवढंच! गॅसच्या एकाही पाइपला हात लावावा लागला नाही.

त्या दुपारी मुद्दाम भर उन्हात गाडी काढली. सिग्नलला टक, पुन्हा टक, आणि झोत गारच्या गार. घरी येऊन बॉनेट उघडलं तर कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड पाइपवर पाण्याचे थेंब जमले होते, हाताला तो थंडगार लागत होता. पुढे जाणारा पाइप इतका तापलेला, की बोट टेकवताच मागे घेतलं. जवळजवळ पंचेचाळीस अंशांच्या हवेत आर-१३४ए नावाचा गॅस, जो मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, तो त्या पाइपांतून घामेजत आणि तापत फिरतोय. मी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले!

प्रत्येक कॉम्प्रेसर असा सहज वाचत नाही, हेही काकांनीच दाखवलं. चकती दर काही सेकंदांनी पकडून सोडत असेल तर बहुधा गॅस कमी आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, म्हणून दाब घसरला की स्विच कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी वीज तोडतो. पाइपच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर गळती तिथेच शोधावी. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग तपासावं. एसी लावल्यावरच आत खरखर होत असेल तर मात्र कॉम्प्रेसरच आतून जातोय. गॅसचं काम घरी मुळीच करू नये. उन्हात त्याचा दाब जबरदस्त असतो आणि हवेत सोडलेला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. ते काम मशीननं गॅस काढून घेणाऱ्या एसी मेकॅनिककडेच.

पण तुमचा एसी सकाळी चालत असेल आणि दुपारी दगा देत असेल, तर कृपा करून तो बंद पडेल त्याच वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन आणि एसी चालूच ठेवा आणि हात लांब ठेवून बॉनेटखाली पाहा. पुली फिरतेय आणि चकती उभी आहे का, एवढंच बघायचं. गाडी निवल्यावर गेलात तर ती टक करून चिकटेल आणि मेकॅनिकला दाखवायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही.