कंडक्टरचा हात आणि बसचा रॅम्प

आमच्या लहानपणी सातारा स्टँडवर पुण्याची एसटी लागली की खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायच्या. जागा धरायची ती सर्वमान्य रीत. माझ्या थोरल्या भावासाठी, दादासाठी, जागा धरणं सोपं होतं. त्याला गाडीत चढवणं अवघड. त्याला लहानपणीच पोलिओ झालेला. एका पायात कॅलिपर, काखेत कुबड्या. तेव्हाची बस ट्रकच्या चेसिसवर बांधलेली, आतली जमीन मीटरभर उंच. दादा कुबड्या माझ्या हाती द्यायचा, दाराच्या दोन्ही दांड्या घट्ट धरायचा आणि नुसत्या हातांच्या जोरावर अंग वर ओढायचा. कॅलिपरचं लोखंड पायरीच्या पत्र्यावर खण्णकन वाजायचं.

मागून कंडक्टर त्याला आधार द्यायचे. "सावकाश भाऊ, गाडी कुठं पळून जात नाही," म्हणायचे. दादा नीट टेकेपर्यंत घंटीच्या दोरीला त्यांचा हात लागत नसे. राखीव बाकावरचा माणूस न सांगता उठायचा. पुण्यात स्वारगेटला उतरताना ओळखदेख नसलेला कुणीतरी पुढे यायचा. ती माणसं, तो जिव्हाळा आठवला की आजही भरून येतं.

पण त्याच आठवणीला दुसरी बाजू आहे. प्रवासाच्या दिवशी दादा सकाळपासून पाण्याला तोंड लावत नसे. वाटेत उतरावं लागलं तर पुन्हा तेच दिव्य. आणि "मी पुण्याला जातो" असं तो कधी म्हणाला नाही. "माझ्याबरोबर कोण येतंय?" असंच विचारायचा. चांगली माणसं भेटली तर प्रवास, नाहीतर घर.

कायदाही तेव्हा हात राखूनच बोलायचा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात बस आणि रेल्वेगाड्या सोयीच्या करण्याची तरतूद आली खरी, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाट ठेवूनच. २०१६ च्या कायद्याने बसथांबे आणि स्थानकांवरच्या सोयी ही सरकारची जबाबदारी ठरवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात आणखी स्पष्ट सांगितलं, की सुगम्यतेचे किमान निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. त्या लढ्याची सुरुवात दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये केली होती. म्हणजे आज दिसणाऱ्या सोयी कुणी दयेपोटी दिलेल्या नाहीत; अपंग प्रवाशांनी त्या भांडून मिळवल्या आहेत.

आणि त्या दिसतात, हे मनापासून सांगायला हवं. मुंबईच्या लोकलला अपंगांसाठी वेगळा डबा आहे, आणि तो जिथे येऊन थांबतो तिथे फलाटावर बीप-बीप असा आवाज येत राहतो. दृष्टिहीन प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने येऊन उभा राहतो. लो-फ्लोअर बसची जमीन रस्त्यापासून जेमतेम ४०० मिलिमीटर. स्वारगेटलाच सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली. दादा आता व्हीलचेअरवर असतो. तो लिफ्टने खाली गेला, डब्यातल्या राखीव जागेत खुर्चीचे ब्रेक लावले आणि मला फोन केला, "एकटा आलोय." त्याचा आवाज ऐकून मला पुढे बोलवेना.

तरीही त्याच्यासोबत एका शहरात बसची वाट पाहताना जे पाहिलं, ते विसरता येत नाही. बस लो-फ्लोअर, मधल्या दाराशी जमिनीत घडीचा रॅम्प. पण थांब्यावर रिक्षा उभ्या, म्हणून बस रस्त्याच्या मधोमध थांबली. रॅम्प फूटपाथला टेकेना. तो थेट रस्त्यावर उघडला तर चढ इतका उभा, की खुर्ची मागे घसरेल. ड्रायव्हरला पुढच्या फेरीची घाई. बस निघून गेली. लाखो रुपयांची सोय दीड मीटर अंतरापुढे हरली.

नियोजनाचं खरं काम इथे आहे. बस विकत घेणं ही सुरुवात झाली. थांब्याच्या कट्ट्याची उंची बसच्या जमिनीशी जुळायला हवी, थांब्यासमोरची जागा मोकळी राखायला हवी, फूटपाथला उतार हवा. खुर्ची चढवून पट्टा बांधायला लागणारी मिनिटं वेळापत्रकातच धरलेली हवीत. तशी ती धरली नाहीत, तर सज्जन ड्रायव्हरही घाईच करणार. रॅम्प रोज डेपोतून निघताना उघडून पाहायला हवा. आणि मार्ग ठरवणाऱ्या बैठकीत व्हीलचेअरवरचा, पांढरी काठी घेतलेला, ऐकू न येणारा प्रवासी सुरुवातीपासून बसलेला हवा. उद्घाटनाला बोलावून त्याचा फोटो काढणं म्हणजे सल्लामसलत नव्हे.

त्या काळच्या कंडक्टरांना असा आधार देणं कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या अंगातच होतं. एवढ्या मोठ्या शहरांत आता ते नशिबावर सोडता येणार नाही. त्यांची ती आस्था प्रशिक्षणात, वेळापत्रकात आणि नियमांत लिहून ठेवावी लागेल. बस वेळेवर आली की नाही, हे आपण मोजतो. थांब्यावर उभा असलेला प्रत्येक प्रवासी तिच्यात चढू शकला की नाही, हेही तितक्याच काटेकोरपणे रोज मोजलं गेलं पाहिजे.