भैया चौकातील कोटणीस स्मारक

सोलापूर रेल्वे स्थानकापासून फार दूर नसलेल्या भैया चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेल्या या डॉक्टरांची ओळख तेथे भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून होते. परंतु ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे चरित्र वाचले पाहिजे.

त्यासाठी शहरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबणे आवश्यक ठरते. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर या गिरणगावात उठाव झाला, काही दिवस इंग्रजांची सत्ता उरली नाही आणि मग मार्शल लॉ, म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून लष्कराच्या हाती सर्वाधिकार देणारा अंमल, पुकारला गेला. त्या उठावापायी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी देण्यात आली. जपानसारख्या परकीय सत्तेशी झुंजणाऱ्या दूरच्या चीनची हाक अशा शहरातील तरुणाला परकी वाटली नसावी.

वैद्यकीय मदतीची ती हाक चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंना लिहिलेल्या पत्रातून आली, आणि काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी उभारल्यावर अटल, चोळकर, मुखर्जी, बसू व कोटणीस हे पाच डॉक्टर सप्टेंबर 1938 मध्ये मुंबईहून निघाले. चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचल्यावर कोटणीस आठव्या मार्गसेनेत, म्हणजे जपानविरोधी आघाडीत नावापुरत्या राष्ट्रीय सरकारच्या आधिपत्याखाली लढणाऱ्या कम्युनिस्ट फौजेत, दाखल झाले. जपानी फौजांच्या पिछाडीकडील डोंगराळ मुलखात रुग्णालयालाही शत्रूच्या चढाईनुसार जागा बदलावी लागे. तेथे ते चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवत आणि जखमींवर शस्त्रक्रिया करत. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले, त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1942 मध्ये त्यांनी पक्षाचे सदस्यत्व घेतले. बहुतेक सहकारी परतले असता मागे राहिलेल्या माणसाचा हा निर्णय भावनेच्या भरातला मानणे त्याच्या विचारशक्तीवर अन्याय करणारे आहे.

अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, झटक्यांनी 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मुलगा यिनहुआ काही महिन्यांचा होता. त्यांची समाधी हपै प्रांतातील षच्याच्वांग येथे, कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या समाधीसोबत एकाच हुतात्मा स्मशानभूमीत आहे. 1962च्या भारत-चीन युद्धानंतरही भारतात आलेल्या अनेक चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली.