जात्याची घरघर

मी मराठीचा प्राध्यापक. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात ध्वनिमुद्रणाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम निघाला आणि लोकगीतांची आवड म्हणून तो माझ्याकडे आला. हाताशी एक लॅपटॉप, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, कंडेन्सर माइक आणि तो लॅपटॉपला जोडणारा डबा, म्हणजे इंटरफेस. माइक जोडला तरी आवाज येईना. लग्नाच्या बँडवर साउंड सांभाळणाऱ्या एका विद्यार्थ्याने इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं. कंडेन्सर माइकला वीज लागते, हे मला तिथे कळलं.

सॅम्पल रेट म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने. ते ४४,१०० का, असं वर्गाने विचारलं आणि आम्ही सगळेच शोधायला बसलो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. तेवढं पकडायला नमुने दुपटीहून जास्त लागतात. खानदेशी वहीगायनातला डफ वाजला तेव्हा आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल झाली. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते, आणि तिथे फाटलेला आवाज पुन्हा नीट शिवता येत नाही.

खरा धडा अमळनेरकडच्या एका मुलीच्या आजीने दिला. मुलीने आजीची जात्यावरची ओवी मुद्रित केली होती. सॉफ्टवेअरला जात्याच्या नुसत्या घरघरीचा तुकडा नमुना म्हणून दाखवला की ते तसा आवाज सगळीकडून कमी करतं. तसं केलं आणि गळा अगदी स्वच्छ आला. आजी ऐकून म्हणाली, ‘‘जातं काढी टाकं, ते ओवी काय कामनी?’’

मग आम्ही मूळ फाइल पुन्हा लावली. ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर वळत होती, दाणे टाकताना लय सैल होत होती. मेट्रोनोमचा एकसारखा ठोका तिथे बसेना. सूर मोजणारा ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो; आजीचा गंधार दोन भागांच्या मध्ये पडला. तो ‘दुरुस्त’ करायचा नाही, हे आम्ही अभ्यासक्रमातच लिहिलं.

आमच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. मुलगा सोपानदेव यांनी लिहून घेतली म्हणून त्यांची गाणी टिकली आणि १९५२ साली पुस्तकात आली. आज लिहिण्याबरोबर आवाजही ठेवता येतो. तुमच्या घरात ओव्या किंवा श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाची गाणी म्हणणारं कुणी असेल, तर त्यांना विचारून या श्रावणातच मुद्रण करा. नाव, गाव, तारीख लिहा आणि मूळ फाइलला हात लावू नका.