थोरली पाती, धाकटी पाती

धारला आजोळी माजघरात मातीचा रांजण होता. त्याला पितळी तोटी, आणि तोटीखाली कायम एक तांब्या. गळणाऱ्या थेंबांनी तो भरला की पाणी तुळशीला जाई. माळव्यात दुपार कितीही तापली तरी रात्री वारा सुटतो. शब-ए-मालवा म्हणतात ती हीच. त्या वाऱ्यात रांजण रात्रभर पाझरायचा आणि सकाळचं पहिलं फुलपात्र दातांना कळायचं.

लग्न होऊन देवासला आले आणि पाण्याची दुसरी बाजू पाहिली. 25 एप्रिल 1990 ला इंदूरहून आगगाडीने पाणी आलं. स्टेशनवर ढोल वाजवून तिचं स्वागत झालं. अक्षय्य तृतीया दोन-तीन दिवसांवर होती, चैत्रगौर अजून झोपाळ्यात बसलेली. हळदीकुंकवाला मी पन्हं केलं, पण प्रत्येकीचं फुलपात्र अर्धंच भरलं. कुणी काही बोललं नाही. ती अर्धी फुलपात्रं मला आजही दिसतात.

गेल्या वर्षी पुण्याहून भाचा आला. त्याच्या घरी जुन्या फ्रीजमध्ये बिअरचं पिंप ठेवून दाराच्या नळातून गार बिअर ओतायची सोय त्याने स्वतः केली आहे. आमच्या कोठीत पडलेला 165 लिटरचा एकदारी फ्रीज पाहून म्हणाला, "मावशी, हा टाकू नकोस. यातून पन्हं काढू."

मी ते काम शेजारी बसून पाहिलं. फ्रीजच्या पाठीवर काळी जाळी नव्हती, म्हणजे तापणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यामागे लपलेल्या. भोक चुकलं तर त्यातला वायू जातो आणि फ्रीज कायमचा मरतो. त्याने कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये कालवून पत्र्याला पातळ थर दिला आणि फ्रीज चालू केला. थोड्या वेळात ओल्या पांढऱ्यावर वाळलेल्या रेघा उमटल्या. जिथे नळी, तिथे ऊब; जिथे ऊब, तिथे थर आधी वाळलेला. आत दडलेलं सगळं त्या पत्र्याने रांगोळीसारखं काढून दाखवलं. इतकी सुंदर युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. दोन रेघांच्या मधोमध भोक पाडून बाहेरच्या सिलिंडरची कार्बन डायऑक्साइडची नळी आत घेतली. दारात या नळ्या नसतात, म्हणून नळ दारावर बसवले. आत साडेनऊ-साडेनऊ लिटरची स्टीलची दोन पिंपं, एकात पन्हं, दुसऱ्यात पाणी.

पाण्याला तीस पौंड दाब देऊन ते दोन दिवस गार राहू दिलं. गार पाण्यात वायू जास्त मुरतो. तिसऱ्या दिवशी नळातून गोटी सोड्यासारखं टोचणारं पाणी आलं. पन्ह्याला मात्र नुसतं वर ढकलण्यापुरता, तीन-चार पौंडांचा दाब. पहिल्या वेळी कैरीच्या गराने नळ तुंबला. बिअरसाठी केलेली नळी बोरूएवढी. तिला पन्हं कसं झेपावं? मग मीच पुढे झाले. उकडलेल्या कैरीचा गर चाळणीतून काढला, गूळ, मीठ, वेलची घातली आणि सगळं मलमलीतून दोनदा गाळलं. थोडं पातळ झालं, पण केशराची काडी ग्लासात वरून घातली की तक्रार उरत नाही.

देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघा पवार भावांनी वाटून घेतलेल्या. आमच्या नळांनाही तीच नावं पडली. पन्ह्याचा थोरला, सोड्याचा धाकटा.

यंदा चैत्रगौरीला बायका आल्या. ओटीचे हरभरे, कैरीची डाळ, आणि मी नळापाशी. प्रत्येकीचं फुलपात्र काठोकाठ भरलं. दुसऱ्यांदा पुढे केलं तिचंही, लेकीसाठी डब्यात मागितलं तिचंही. दार उघडावं लागत नव्हतं, म्हणून संध्याकाळपर्यंत थंडावा तसाच राहिला. गल्लीच्या टोकाची इस्त्रीवाली आत यायला संकोचत होती. तिच्यासाठी तांब्याच भरून दिला.

धारहून आलेली आई खुर्चीत बसून बघत होती. सगळ्या गेल्यावर उठली, सोड्याच्या नळाच्या तोंडाला लोंबणारे थेंब बोटाने टिपून पाहिले, आणि स्वयंपाकघरातून एक रिकामा तांब्या आणून त्याखाली ठेवला.