आयफेलच्या डोंगरातली तांबडी घोडी

आयफेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिसचा लोखंडी मनोरा उभा राहतो. पण आयफेल हे मुळात एका मुलखाचे नाव. जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीलगत, कोलोन शहराच्या दक्षिणेला जो डोंगराळ प्रदेश पसरला आहे, तो आयफेल. मनोरा उभारणाऱ्या गुस्ताव्हचे पूर्वज ह्याच मुलखातून फ्रान्सला गेले आणि मूळचे अवघड जर्मन आडनाव फ्रेंच जिभेला झेपेना म्हणून त्यांनी गावाकडचे नाव लावले. आपल्याकडचा माणूस घाट उतरून मुंबईला गेला की सातारकर होतो, तशातलाच प्रकार!

मुलूख देखणा आहे, पण अंगाला लावून घेणारा नाही. विझून गेलेल्या ज्वालामुखींचे डोंगर, त्यांच्या तोंडांत साठलेली वाटोळी तळी, बीच आणि स्प्रूस वृक्षांची दाट राने, आणि उन्हाळ्यातही अचानक अंगावर येणारा गार पाऊस. शेती बेताची आणि हिवाळा कडक. एके काळी ह्या भागाला ‘प्रशियाचा सैबेरिया’ म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर इथल्या माणसांच्या हाताला काम नव्हते. तेव्हा आडेनाऊ ह्या छोट्या गावाच्या आसपासच्या डोंगरांत मोटारींच्या शर्यतीसाठी एक रस्ता बांधावा, म्हणजे लोकांना मजुरी मिळेल आणि पुढे पाहुणेही येतील, अशी कल्पना निघाली. १९२५ साली खोदाई सुरू झाली आणि १९२७ च्या जूनमध्ये रस्ता खुला झाला. आपल्याकडे दुष्काळी कामावर पाझर तलाव होतात. ह्यांच्याकडे न्युर्बुर्गरिंग झाले!

न्युर्बुर्ग हा तिथला किल्ला. बाराव्या शतकातला, एका काळ्याभोर टेकडीच्या माथ्यावर पडक्या अवस्थेत उभा. त्या किल्ल्याला आणि भोवतालच्या रानाला वळसा घालून हा रस्ता जातो. आजची त्याची उत्तरेकडची फेरी २०.८ किलोमीटरची आहे. वळणे ७३, आणि सर्वांत उंच व सर्वांत सखल जागांमध्ये अंतर सुमारे ३०० मीटरचे. म्हणजे वाचकांनी आपला खंडाळ्याचा घाट आठवावा, तो दोन-चार वेळा दुमडून एका रानात ठेवावा आणि समोरून येणारे सगळे ट्रक मनातल्या मनात काढून टाकावेत. कारण हा रस्ता एकाच दिशेने वाहतो. जॅकी स्ट्युअर्ट ह्या स्कॉटिश शर्यतपटूने त्याचे नाव ठेवले ‘हिरवा नरक’. ह्याच रस्त्यावर १९६८ साली धुक्यात आणि पावसात तो दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा चार मिनिटे आधी पोहोचला होता. जिंकणारा माणूसच नरक म्हणतो, म्हणजे त्यात काही तथ्य असणारच.

तर असल्या नरकात आमचे भाचेबुवा दर महिन्याला हौसेने जातात आणि वर तिकिटाचे पैसे भरतात! ताईच्या जिवाला त्याचाच घोर. मी युरोपच्या प्रवासाला निघालो तेव्हा तिने दिवाळीच्या फराळाचा डबा हातात देताना बजावले होते, “चिवडा त्याला दे, आणि ती गाडी एकदा डोळ्यांनी बघून ये. विकायला लावता आली तर फारच बरं.” धाकट्या भावाला मोठ्या बहिणीचा शब्द मोडता येत नाही. मी मान डोलावली.

कोलोनला त्यांच्या घराखालच्या गाळ्यात मी ती गाडी प्रथम पाहिली. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५, तांबड्या रंगाची, दोनच माणसांची. उभी होती ती एवढीशी, की मला वाटले कोणी मुलाचे खेळणे बाहेर विसरले. तिचे वय तीस वर्षांच्या पुढचे. दिवे लावायचे म्हटले की टोपणाखालून दोन डोळे टकमक वर येतात. ही जात १९८९ साली निघाली. जुन्या इंग्रजी उघड्या गाड्यांची, त्यातही १९६२ सालच्या लोटस एलानची मजा पुन्हा आणायची, पण पावसात बंद पडण्याची त्यांची खोड मात्र घ्यायची नाही, अशा बेताने ती घडवली गेली. दोन माणसांच्या उघड्या स्पोर्ट्स मोटारींत हिच्याइतक्या दुसऱ्या कोणत्याच खपल्या नाहीत. २०१६ साली तिने दहा लाखांचा आकडा गाठला. तिच्या घडवणाऱ्यांनी एक जपानी शब्द मनाशी धरला होता: ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. आणि माझदा हे नाव संस्थापक मात्सुदा ह्यांच्या आडनावाशी जुळते, तसेच ते पारशांच्या अहुर मज्दाशीही जोडलेले आहे, असे कंपनीच सांगते. हे ऐकल्यावर निदान मुंबईच्या माणसाला तरी ती गाडी परकी वाटायला नको.

“मामा, हिची ताकद विचारू नका,” भाचेबुवा म्हणाले. “एकशे पंधरा घोडे. रिंगवर हिच्या चौपट ताकदीच्या गाड्या येतात.”

“मग हिच्यात आहे काय?”

“वजन नाही. साडेनऊशे किलोच्या आसपास. त्यातच सगळं आलं.”

आणि मग दोन तास त्या गाळ्यात बसून मला जे शिक्षण मिळाले, ते ऐकण्यासारखे होते. माझी समजूत अशी होती की गाडी ‘सुधारायची’ म्हणजे इंजिनाचा आवाज वाढवायचा आणि मागे एक पंख लावायचा. भाचेबुवांनी इंजिनाला हातच लावला नव्हता. पहिला पैसा त्यांनी खर्च केला तो ब्रेकवर.

ब्रेकच्या नळ्यांत तेलासारखा एक द्रव असतो. तो हवेतली ओल शोषून घेतो. डोंगर उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाकाशी उष्णता वाढते, त्या ओलसर द्रवाला उकळी फुटते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग तुम्ही पाय दाबता, तो खाली जातो आणि गाडी मात्र जाते तशीच पुढे जाते! म्हणून हा द्रव वेळच्या वेळी बदलायचा, जास्त तापमानाला उकळणारा घालायचा, रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या बसवायच्या आणि ब्रेकचे पॅड उष्णता सोसणारे लावायचे. बाहेरून पाहणाऱ्याला ह्यातले काहीही दिसत नाही.

दुसरा खर्च चाकांवर आणि टायरांवर. चाके हलकी घेतली. का, तर स्प्रिंगच्या वर असलेले वजन आणि खाली असलेले वजन ह्यांत फरक आहे. भाचेबुवांनी मला विचारले, “मामा, सिंहगड चढताना पाठीवर एक किलो परवडतो की प्रत्येक जोड्यात अर्धा?” मला तात्काळ समजले. तिसरा खर्च स्प्रिंगा आणि डँपर ह्यांवर. गाडी थोडी खाली बसवली आणि वळणावर कमी कलेल अशी केली. चौथा खर्च म्हणजे सीटांच्या मागे उभी केलेली जाड पोलादी कमान. उघडी गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून.

“आणि इंजिन?”

“ते शेवटी. किंवा कधीच नाही. आधी थांबता आलं पाहिजे, मग वळता आलं पाहिजे. पळायचं काय, कुणालाही जमतं.”

ह्या सगळ्याला तिथे सरकारी शिस्त आहे. मनाला येईल तो भाग आणून जोडला, असे चालत नाही. भागाबरोबर त्याचे प्रमाणपत्र हवे. बहुतेक मोठ्या बदलांसाठी तपासनिसाकडे गाडी न्यायची, त्याने ते पाहून नोंद करायची आणि ती नोंद गाडीच्या कागदांत चढवायची. नोंदीशिवाय असा बदल केला तर गाडीचा रस्त्यावर धावण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. त्याशिवाय दर दोन वर्षांनी संपूर्ण तपासणी. भाचेबुवांची कागदांची वही आमच्या घरातल्या जन्मपत्रिकांच्या बाडाहून जाड आहे.

भाचेसूनबाई चहा घेऊन आल्या. मी हळूच विचारले, “हा खर्च तुम्हांला चालतो?”

त्या हसून म्हणाल्या, “आमचा करार आहे, मामा. गाडीवर जितके युरो, तितकेच लेकीच्या खात्यावर. तिच्या शिक्षणाची चिंता ह्या गाडीनंच मिटवली म्हणा ना!”

ताईला सांगायला ही पहिली गोष्ट झाली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे निघालो. छप्पर मागे टाकलेले होते. रस्त्यात आर नदीचे खोरे लागले. उतारांवर द्राक्षांचे मळे, तळाशी नदी. जुलै २०२१ मध्ये ह्याच शांत नदीला रात्रीत पूर आला आणि ह्या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत शर्यती बाजूला ठेवून न्युर्बुर्गरिंगच्या आवारात मदतकार्याचा तळ पडला होता. पानशेतचा पूर ज्यांनी पाहिला किंवा घरात ऐकला, त्या पुणेकराला त्या नदीकडे नुसते ‘सुंदर’ म्हणून पाहता येत नाही.

शर्यती नसतील तेव्हा हा रस्ता तिकीट काढून कोणालाही खुला असतो. एका फेरीला तीस-पस्तीस युरो. फेऱ्यांचे पैसे एका कार्डात भरलेले असतात. फाटकाशी कार्ड लावले की अडसर वर. पण आत शर्यत नाही. वाहतुकीचे नियम तिथेही लागू. डावीकडूनच पुढे जायचे, वेळ मोजायला बंदी. कठड्याला धडकलात तर कठड्याची भरपाई तुमच्याच खिशातून, गाडी ओढून नेण्याचे पैसे वेगळे. वाहनतळावर जत्रा भरली होती. लाखांच्या गाड्या, भंगारातून उठवलेल्या गाड्या, इंग्लंड-हॉलंडहून आलेल्या गाड्या. अनोळखी माणसे एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघत होती आणि डबे उघडून सँडविच खात होती. आम्हीही ताईचा चिवडा उघडला. एका जर्मन आजोबांनी तो दोनदा मागून घेतला.

भाचेबुवांनी टायरांत हवा मोजली, चाकांचे नट तपासले, छप्पर बंद केले, माझा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि म्हणाले, “मामा, नको वाटलं तर नुसता हात वर करा. मी हळू करीन.” आणि आम्ही आत शिरलो.

त्या फेरीचे वर्णन कसे करावे? हाट्झेनबाखची वळणे नागमोडी. गाडी डावी-उजवी झुलत जाते, तालावर. मग फुक्सरोऱ, म्हणजे कोल्ह्याचे बीळ: दोन्ही बाजूंना रान आणि मधून खाली, खाली, आणखी खाली! पोट घशाशी येते आणि तळाशी गाडी अशी दाबली जाते की आपले वजन दुप्पट वाटते. ब्राइडशाइडला गावाजवळ सर्वांत सखल जागा. तिथून पुन्हा चढ. बेर्गवेर्कच्या अलीकडे भाचेबुवा एकच शब्द बोलले, “लाउडा.” १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडाची गाडी इथे पेटली आणि मागून आलेल्या शर्यतपटूंनी थांबून, आगीत हात घालून त्याला बाहेर काढले. सहा आठवड्यांत तो जळलेल्या चेहऱ्याने पुन्हा शर्यतीत उतरला. पण फॉर्म्युला वन ह्या रस्त्यावर पुन्हा आली नाही. पुढे कारुसेल, पाळण्यासारखे गोल वळण. त्याच्या आतल्या अंगाला काँक्रीटचा कललेला पन्हाळ आहे. त्यात चाके टाकायची आणि दात घट्ट मिटून खडखडत बाहेर पडायचे.

पण माझे अधिक लक्ष होते ते भाचेबुवांच्या हातांकडे. एरवी घरी सतत फोन चाळणारा, अर्धवट ऐकणारा हा मुलगा इथे संपूर्ण हजर होता. नजर पुढच्या वळणाच्याही पलीकडे. मागून कोणी मोठी गाडी आली की तो उजवा दिवा लावी, कडेला होई आणि तिला जाऊ देई. मी मोजले, नऊ गाड्यांना त्याने वाट दिली. एकदाही कपाळाला आठी नाही. मी हात वर केला नाही. तो विसरून गेलो होतो.

बाहेर आलो तेव्हा आमच्या माथ्यावर ऊन होते, पण आडेनाऊच्या बाजूला आभाळ काळे झाले होते. फेरी इतकी लांब, की एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे इथे नेहमीचेच. कार्डात आणखी तीन फेऱ्या शिल्लक होत्या. आत जाणाऱ्यांची रांग तशीच होती. एक तरुण परतून आला आणि ओरडला, “खाली ओलं आहे!”

भाचेबुवांनी आभाळाकडे एकदा पाहिले आणि कार्ड खिशात टाकले.

“महिनाभर वाट पाहून आलास ना?” मी विचारले.

“पुढल्या महिन्यातही रस्ता इथेच असेल, मामा. चला, कॉफी घेऊ.”

आडेनाऊच्या बाजारचौकात, लाकडी चौकटींच्या जुन्या घरांसमोर आम्ही कॉफी घेतली. पाऊस छत्र्यांवर वाजत होता. तांबडी घोडी समोर भिजत उभी होती आणि भाचेबुवा ह्या हिवाळ्यात तिच्या कोणत्या नळ्या बदलायच्या ते सांगत होते. मी ताईला फोन लावला.

“पाहिलीस का गाडी? विकणार का तो?”

“ताई,” मी म्हणालो, “आपले बाबा रविवारी सायकल उलटी करून तिच्या चाकांत तेल घालायचे, आठवतं? ती विकायला आपण कधी सांगितलं होतं का?”

पलीकडे ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चिवडा पोचला ना? अजून पाठवते, म्हणावं. आणि पाऊस असेल तर सावकाश घरी या.”