दात्यांची धार

फाल्गुनात वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती येऊ लागली की रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळसर दिसते. २०२४ साली येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. मला मात्र वसमत म्हटले की हळदीच्या आधी विळा आठवतो. हळद खणण्यापूर्वी तिचा पिवळा पडलेला पाला जमिनीलगत कापावा लागतो. त्याच्याही आधी, आश्विनात, सोयाबीनची कापणी असते. आमच्या घरी ही दोन्ही कामे दातेरी विळ्यानेच होत.

साधा विळा सुरीसारखा कापतो, दातेरी विळा करवतीसारखा. त्याचे बारीक, तिरके दाते ताटाला धरून ठेवतात आणि विळा ओढला की एकामागून एक आपले काम करतात. म्हणून त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. पण सोयाबीनचे वाळलेले खोड लाकडासारखे कडक असते. ते बुडाशी कापताना विळा काळ्या मातीत शिरतो, खड्यांवर आपटतो आणि हळूहळू दातेही बोथट होतात.

२००७ सालची गोष्ट. मी अठरा वर्षांचा होतो आणि बारावीत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. वडील आजारी होते. तीन एकरांतले सोयाबीन वाळून खडखडू लागले होते आणि परतीच्या पावसाचे आभाळ रोज संध्याकाळी भरून येत होते. पक्व शेंगा फार काळ थांबत नाहीत. उन्हाने तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. मायला काहीतरी मदत करावी म्हणून त्या रात्री मी तिचा विळा घेतला आणि अंगणातल्या दगडावर, जसा साधा विळा घासतात तसा, तासभर घासला. कंदिलाच्या उजेडात पाते चकाकत होते. सकाळी मोठ्या अभिमानाने मी तो तिच्या हाती दिला.

तिने पात्यावरून अंगठा फिरवला. क्षणभर माझ्याकडे पाहिले. काही न बोलता ती शेताकडे निघाली. दाते झिजून सपाट झाले होते, हे तिला तेव्हाच कळले असणार. दुसरा विळा घरात नव्हता. त्या दिवशी ताटे कापली जाण्याऐवजी मुळासकट उपटून येत होती, हिसक्याने शेंगा फुटत होत्या. दुपारी गुळगुळीत झालेले पाते एका खोडावरून निसटले आणि मूठ धरलेल्या तिच्या डाव्या हाताची तर्जनी खोलवर चिरली. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की ते हाताच्या ताब्यात राहत नाही, हे मला त्या रक्ताने शिकवले. ती तीन दिवस विळा धरू शकली नाही. मी एकटा उसन्या विळ्याने कापत राहिलो. तिसऱ्या रात्री पाऊस आला. उभे राहिलेले एकरभर पीक भिजले, दाणे काळवंडले आणि भाव पडला.

पुढच्या बाजाराला मी तो विळा एका वृद्ध लोहारकाकांपुढे ठेवला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला.

"मेहनत लई केलीस बापू," ते म्हणाले, "पण तू दात्यांची डोकीच उडवलीस. दाता घासायचा नसतो. दोन दात्यांमधली खाच घासायची असते."

मग त्यांनी आपल्याजवळच्या एका विळ्यावर मला ते करून दाखवले. दात्यांना एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते. पाते लाकडाच्या ठोकळ्यावर पक्के धरायचे, उताराची बाजू वर. तीनधारी बारीक कानस खाचेत तिच्याच तिरकेपणाने बसवायची आणि फक्त पुढे ढकलायची. मागे आणताना उचलून घ्यायची. प्रत्येक खाचेला तीन-चार हात, सगळीकडे सारखे. कानशीला आधी खडू चोळला की तिच्यात लोखंडाचा चुरा अडकत नाही. शेवटी विळा उलटा करून सपाट बाजू बारीक दगडावर अगदी आडवी ठेवायची आणि एक-दोनदा हलकेच फिरवायची. कानशीने त्या बाजूला उमटलेली खरखर तेवढ्याने निघून जाते. विजेच्या सहाणेवर विळा धरू नकोस, असेही त्यांनी बजावले. पाते तापून निळे पडले की लोहाराने दिलेले पाणी उतरते, आणि मग धार टिकत नाही.

माझ्या विळ्याचे काय, असे मी विचारले. "त्याला पुन्हा तापवून नवे दाते पाडावे लागतील. त्यापेक्षा नवा घे," ते म्हणाले. मी नवा विळा घेतला आणि एक तीनधारी कानसही.

तोवर अभ्यासाच्या बाबतीतही माझी समजूत हीच होती, की जोर कमी पडला म्हणून नापास झालो. म्हणून तीच पाने मी पुन्हा पुन्हा घासत असे. जे कळले नव्हते ते कुठे आहे, हे थांबून पाहिले नव्हते. आज छत्तिसाव्या वर्षी दिवसभराचे काम आटोपून पुस्तक उघडतो तेव्हा आधी अडलेली जागा शोधतो आणि तिच्यापाशीच बसतो. वेग कमी आहे, पण पान पुढे सरकते.

मायच्या तर्जनीवरचा पांढरा व्रण अजून आहे. त्याबद्दल तिने मला कधीही बोल लावला नाही. खंडेनवमीला ती अवजारे धुऊन पुजते, तेव्हा नव्या विळ्याशेजारी तो दाते गेलेला विळाही मांडते आणि दोघांनाही हळद-कुंकू लावते. कापणीच्या आदल्या रात्री मी कानस आणि खडू घेऊन बसलो की ती जवळ येऊन बसते आणि मी किती खाचा केल्या, ते मोजत राहते.